हात बघू

“ताई, तुम्ही बाहेर बसा. मी बोलावते,” असं म्हणून त्या मॅडमनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी तिथंच उभी राहिले. आत माझी तेरा वर्षांची केतकी आणि बाहेर मी. दाराला कान लावायचा म्हटलं तर समोर कंपाउंडरबाई बसलेली. शेवटी बाकावर टेकले, पण नजर दारावरनं हलली नाही.

माझा धंदा मिरची कांडपाचा. चटणीच्या दिवसांत बायका मिरची, धणे, खोबरं भाजून डबा भरून आणतात आणि कांडून होईपर्यंत जागच्या हलत नाहीत. ठसका लागून डोळ्यांतनं पाणी वाहील, पण उठणार नाहीत. का? तर या कांडपवाल्या मालननं आपली ब्याडगी काढून दुसरीची लवंगी घातली तर? वीस वर्षांत मी कुणाची चिमूटभर मिरची इकडची तिकडं केली नाही, तरी मला त्यांचा राग कधी आला नाही. एखादी नवखी म्हणाली, “कांडून ठेवा, संध्याकाळी नेते,” तर मीच तिला बसवायची. म्हणायची, “बाई, तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे.” आणि इथं ही कालची पोर, अंगावर खादीचा झब्बा, हातात बांगडी नाही, मला माझ्याच लेकीपाशी बसू देत नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

केतकीचं सगळं दिवाळीनंतर सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधी मशीनच्या मुसळाखाली माझी करंगळी सापडली होती. नुसतं नख गेलं, पण रक्त बघून केतकी गुरासारखी ओरडली होती. तेव्हापासनं उखळातला माल मी हातानं सारत नाही, लाकडी दांडकं वापरते. पुढं ती विसरली असं आम्ही धरून चाललो. आणि आठवीत असताना एके दिवशी शाळेला निघता निघता म्हणाली, “आई, हात बघू.”

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं एकेक बोट धरून दहा मोजली आणि गेली. मला इतकं बरं वाटलं! गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, “बघा, माझी लेक किती जीव लावते.” मग ते सकाळ-संध्याकाळ झालं. मग मोजताना मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासनं. जानेवारीत ती मधल्या सुट्टीत घरी पळत येऊ लागली, मग चालू तासातनं. फेब्रुवारीत शाळाच सुटली. दिवसभर मशीनजवळ स्टुलावर बसायची आणि माझे हात बघायची. एका दिवशी मी मोजलं, त्रेसष्ट वेळा. जेवण अर्ध्यावर आलेलं, गालफडं बसलेली.

आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, चौथ्या दिवशी घरी यायचे. त्यांनी निकाल लावून टाकला. “जूनला शाळेत गेली तर ठीक. नाही गेली तर चिपळूणला आक्काकडं नेऊन सोडणार. तुझ्या हातांपासनं लांब राहील तर सुधारेल.” आणि ते बोलतात तसं करतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासनं ठाऊक.

शेजारच्या इंदूमावशीनं सांगितलं बाहेरचं आहे. दोन ठिकाणी जाऊन आलो, लिंबू झालं, अंगारा झाला. शेवटी सर्दी-तापाला औषध देणारे आमचे डॉक्टर म्हणाले, “वहिनी, हा आजार आहे, याला नाव आहे, आणि याच्यावर उपाय आहे. बुधवारी कोल्हापूरहून मनाचे उपचार करणाऱ्या शिरगुप्पे मॅडम येतात, त्यांना दाखवा.” म्हणून त्या बाकावर मी.

दार उघडलं आणि मॅडमनी मला आत घेतलं.

“ताई, केतकीला एक विचार येतो, आईचा हात तुटेल. त्यानं तिला भयंकर भीती वाटते. हात मोजले की क्षणभर बरं वाटतं. पण मग मनाला सवय लागते, मोजल्याशिवाय भीती जातच नाही असं वाटायला लागतं. म्हणून आता उलटं करायचं. भीती येऊ द्यायची आणि मोजायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ती आपोआप उतरते. हे तिला स्वतः अनुभवू द्यायचं, एकेक पायरी करून.”

“आणि मी काय करायचं?”

“तिनं हात मागितले तर दाखवायचे नाहीत.”

मी हसलेच. “लेकरू रडतंय आणि आईनं हात पाठीमागं लपवायचे? हे कुठलं औषध म्हणायचं?”

“पद्धत माझी नाही ताई. शेकडो मुलांना हे उपचार दिले, शेकडोंना दिले नाहीत, आणि दोघांची तुलना करून बघितली. बऱ्याच मुलांना चांगला फरक पडतो. सगळ्यांना पडत नाही, हेही सांगते. नाही पडला तर गोळ्यांचा विचार करू, त्यासाठी मोठे डॉक्टर आहेत.”

“त्या शेकड्यांत माझी नव्हती,” मी म्हणाले.

त्यांनी केतकीला एक वही दिली. भीती किती वाटते त्याला दहापैकी मार्क द्यायचे, वेळ लिहायची, किती वेळानं किती उतरली तेही लिहायचं.

परत येताना मी केतकीला खोदून खोदून विचारलं. “आत काय केलंत गं?”

“बोललो.”

“काय बोललात?”

“मॅडम म्हणाल्या, मला वाटेल तेवढंच तुला सांगितलं तरी चालेल.”

झालं! आता लेकीला आईपासनं तोडायला निघाली ही बया.

पहिले दोन दिवस मी नेटानं काढले. केतकी दाराला डोकं लावून रडायची आणि मी मशीन चालू ठेवून मोठ्यानं म्हणायची, “थांबूया केतू, उतरेल.” कसलं काय! तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला ती पुढ्यात बसली. खांदे थरथरत होते. हळूच म्हणाली, “आई, एकदाच.” मी हात दाखवले नाहीत. नाहीच दाखवले. फक्त तेल लावताना तिच्या डोक्यावर एकेक बोट टेकवलं. दहा. तिचे खांदे खाली आले.

मग ते रोजचंच झालं. दाखवायचं नाही असं ठरलं होतं, टेकवायचं नाही असं कुठं ठरलं होतं? मी मनाची अशी समजूत घातली आणि दर बुधवारी मॅडमपुढं ताठ मानेनं सांगितलं, “नाही, मी हात दाखवत नाही.” एकदा तर देवीची शपथसुद्धा घेतली. आज तेरा वर्षं झाली, केतकी पुण्यात नोकरी करते, तरी ती शपथ मला बोचते.

एप्रिलच्या मध्यावर केतकी आंघोळीला गेली असताना ती वही माझ्या हाताला लागली. मार्कांच्या मागच्या पानावर, माझ्या लेकीच्या वळणदार अक्षरात, एकाखाली एक वीस वेळा लिहिलेलं होतं: आईचा हात मशीनमध्ये जाऊ शकतो. आईचा हात मशीनमध्ये जाऊ शकतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात घरात अभद्र बोलत नाहीत. तेल संपलं तरी तेल वाढलं म्हणतो. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, हे लहानपणापासनं डोक्यात बसलेलं. आणि ही बाई माझ्या पोरीकडनं, तेही वीस वेळा, माझ्याच घरात हे लिहून घेते? इंदूमावशीला वही दाखवली तर तिनं कपाळाला हात लावला. “मालन, ही करणीची रीत आहे गं. लिहून लिहून घडवून आणायचं. म्हणून तर तुला बाहेर बसवते.”

त्या बुधवारी मी बाकावर बसलेच नाही. दार ढकलून आत गेले आणि वही टेबलावर आपटली.

“हे काय आहे? माझा हात तोडायचाय का तुम्हाला?”

केतकी कोपऱ्यात आक्रसून बसली. मॅडमनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

“हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

चुकलं म्हणतील असं मला वाटलंच नव्हतं.

“बसा ताई. केतकीच्या डोक्यात हे वाक्य दिवसातनं शंभरदा येतं. ती त्याच्यापासनं पळते म्हणून ते मोठं होतं. लिहून लिहून ते नुसतं वाक्य उरतं. लिहिल्यानं घडत नाही, हे तिला स्वतः बघायचं होतं. बघा, पहिल्या दिवशी लिहिताना भीती दहा. आठव्या दिवशी चार.”

आकडे केतकीच्याच हातचे होते. तरी मी म्हणाले, “मग अजून ती शाळेचं नाव का काढत नाही? दीड महिना झाला.”

“तेच मला तुम्हाला विचारायचंय.” मॅडमनी पान उलटलं. “हे बघा. दुपारची भीती आठवरनं सहा, पाच, चार अशी हळूहळू उतरते. भीती अशीच उतरते. पण सकाळी साडेआठला रोज दहावरनं एकदम शून्य. एका मिनिटात. भीती अशी कधी उतरत नाही ताई. अशी उतरते तेव्हा कुणीतरी तिला उत्तर दिलेलं असतं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “सकाळी साडेआठला तुमच्या घरात काय होतं?”

मी केतकीकडं बघितलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

“काय होणार? वेणीफणी,” मी म्हणाले.

मला वाटलं, आता संशयानं बघायची पाळी हिची. आणि खरंच, ती बाई माझ्याकडं अशी बघत होती, जशी माझ्या दुकानातली बाई उखळाकडं बघते. पण म्हणाली एवढंच, “पुढच्या बुधवारी मी तुमच्या कांडपावर येते. मला चटणी करायचीच आहे.”

आणि आली की! दीड किलो मिरची, भाजलेला मसाला, सगळं घरनं करून. बाकावर इंदूमावशीच्या शेजारी नंबर लावून बसली. मावशीनं पदर आवरून घेतला, हिचा वारासुद्धा नको म्हणून.

मॅडमनी केतकीला सांगितलं, “आज मोठी पायरी. तू भिंतीकडं तोंड करून बसायचं, आई मशीन चालवणार. वळून बघायचं नाही. दर पाच मिनिटांनी मार्क लिहायचे. जमेल?”

केतकी म्हणाली, “बघते.”

मी मशीन चालू केली. धाड धाड मुसळं पडायला लागली. केतकी स्टुलावर, पाठ आमच्याकडं. पहिला आकडा तिनं वही उंच करून दाखवला, नऊ. पाच मिनिटांनी पुन्हा नऊ. मानेवरनं घाम ओघळत होता, वेणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं. माझ्या हातातलं दांडकं चुकायला लागलं. नऊ. मला वाटलं, आता ही पडणार स्टुलावरनं. कसले उपचार आणि कसलं काय! लेकराला डोळ्यांदेखत असं तळमळत ठेवायचं आणि आईनं मिरची कांडायची? मी खटका पाडला. मशीन थांबली. हात पदराला पुसले आणि केतकीच्या मागं जाऊन म्हणाले, “रिबीन सुटली बघ तुझी, थांब.” आणि तिच्या डोक्यावर बोट टेकवलं. एक. दोन.

तिनं मान झटकन पुढं काढून घेतली.

“नको आई!”

दुकानात चारपाच बायका.

“अगं, रिबीन…”

“रिबीन नाही सुटली.” ती भिंतीकडंच बघत बोलत होती, पण आवाज चढत गेला. “मॅडम, आई रोज वेणी घालताना डोक्यावर दहा बोटं टेकवते. मीच मागितलं होतं पहिल्यांदा. पण मला वाटायचं तिनं नाही म्हणावं. ती नाही म्हणतच नाही.”

“केतू, घरी बोलू आपण,” मी म्हणाले.

“आणि मागच्या आठवड्यात मी दोन दिवस मागितलंच नव्हतं. तर आईच म्हणाली, ‘केतू, आज हात नाही का गं बघायचे?’”

हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण अजूनही सांगताना जीभ अडखळते. पण ते खरं होतं. दोन दिवस तिनं मागितलं नाही आणि मला घर खायला उठलं. हे चौथ्या दिवशी येणार, जेवून झोपणार. गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती ती माझी चोरी पकडायला. माझ्या हाताला काही झालं तर, असं जगात एकाच जिवाला वाटत होतं, आणि तो जीव आता बरा व्हायला लागला होता. मला त्याचं भय वाटलं. मी स्वतःच विचारलं. सगळा संशय त्या बाईवर घेतला आणि इकडं लेकीचा आजार मीच धरून ठेवला होता.

मी चार बायकांत मोठ्यानं रडले. लाज वाटली, राग आला, केतकीचासुद्धा आला. वाटलं, आता मॅडम सगळ्यांपुढं माझी शपथ काढणार.

मॅडम उठून जवळ आल्या. “पोरगी रडते तेव्हा हात पुढं जातोच ताई. घरोघरी जातो. म्हणून तर आईलासुद्धा शिकवावं लागतं, आणि ते मी नीट केलं नाही.” मग उखळाकडं बघून म्हणाल्या, “चालू करा. माझी मिरची अर्धीच झालीय.”

“कर की गं,” इंदूमावशी बाकावरनं ओरडली. “पोरगी बसलीय न्हवं अजून!”

खरंच, केतकी स्टुलावरनं उठली नव्हती. मी नाक पुसलं आणि खटका वर केला. ती आणखी अर्धा तास बसली. नऊ, आठ, आठ, सहा, पाच. एकदाही वळली नाही. आणि मी, खरं सांगते, एकदाही तिच्याकडं गेले नाही. त्यासाठी मला दांडकं दोन्ही हातांनी धरावं लागलं.

त्यानंतरच्या बुधवारी मॅडमनी अर्धा वेळ केतकीला आणि अर्धा वेळ मला आत घेतलं. मला मुख्य म्हणजे “नाही” म्हणायला शिकवलं, आणि म्हणून झाल्यावर तिथंच कसं थांबायचं ते. ह्यांनाही एकदा बोलावून घेतलं. तिथनं आल्यावर चिपळूणचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, “बघू, जूनपर्यंत थांबू.” मे महिन्यात केतकी मागायची, मी नाही म्हणायची, दोघी चिडायचो. कधी ती हरायची, कधी मी. वेणी ती स्वतःच घालायला लागली, वाकडीतिकडी.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती दप्तर घेऊन निघाली. उंबऱ्याशी थांबली. मी हात पदराखाली घेतले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, “येते,” म्हणाली आणि गेली.

मी मशीन चालू केली. नऊ वाजले, दहा वाजले. आता कुठल्याही तासाला पळत येईल म्हणून रस्त्याकडं बघत होते. अकरा वाजले तरी आली नाही. म्हटलं, वर्गात चक्कर येऊन पडली असेल, पोरं हसत असतील, मास्तरांनी कोंडून ठेवली असेल. मधल्या सुट्टीच्या वेळेला मला राहवेना. गिऱ्हाईक बसलेलं तसंच सोडून, मिरचीनं लाल झालेल्या हातांनी, मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

केतकी लिंबाच्या झाडाखाली दोन मुलींबरोबर डबा खात होती. मला बघितलं आणि उठून फाटकाशी आली. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे.

“आई, कशाला आलीस?”

“सहज. म्हटलं, तुला वाटत असेल…” गजातनं माझे हात कधी पलीकडं गेले मला कळलं नाही.

तिनं हातांकडं बघितलं नाही. सगळा वेळ माझ्या डोळ्यांत बघत होती. तिला ते किती जड जात होतं मला दिसत होतं.

“किती आहे?” तिनं विचारलं.

“काय किती?”

“भीती. दहातली.”

खोटं सांगता आलं असतं. मला तशी सवय होतीच. पण मी म्हणाले, “दहा.”

“माझी आठ आहे,” केतकी म्हणाली. “हात मागं घे आई, आणि घरी जा. परत येऊ नको. उतरते ती.”

घंटा झाली आणि ती वर्गाकडं पळाली. मी हात मागं घेतले आणि घरी आले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्याला म्हटलं, जरा थांबा. मशीन बंदच ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहिले. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली.

मला पाऊण तास लागला.